उशिरा टाकलेलं टिंब

रॉडनी बे, सेंट लुशिया
9 फेब्रुवारी

प्रिय मन्या,

आधी शिव्या घालून घे, मग पुढे वाच. दोन महिने झाले, तुझा मेसेज वाचला, निळ्या टिका तुला दिसल्या, आणि मी गप्प. फोन करायचा धीर झाला नाही म्हणून हे लिहितोय. तब्येत बरी आहे, गुडघा आहे तसाच, वजन सहा किलो उतरलं, नीता म्हणते आता बरा दिसतोस. बस.

आता त्या रात्रीचं. तुला आईकडून अर्धंच कळलं असणार, आणि तिच्या अर्ध्यात मी बुडालेलो असणार.

निघताना मी सगळ्यांना सांगत सुटलेलो, आठवतंय ना, की शिडाच्या बोटीने अटलांटिक ओलांडायला कॅनरी बेटांवरचं लास पाल्मास सोडलं की तीन आठवडे नेट नाही, फोन नाही, कोणी शोधू नका. पार इथपर्यंत, सेंट लुशियापर्यंत, 2700 सागरी मैल. ऐट केवढी माझी! पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोबाइलची शेवटची काडी गेली तेव्हा तर मी चक्क टाळी वाजवली. आणि म्हाताऱ्याचा, म्हणजे बोट ज्याची त्याचा, पुतण्या, सव्वीस वर्षांचं पोरगं, खाली जाऊन बॅगेतून लॅपटॉपएवढी पांढरी पाटी काढून घेऊन आला. स्टारलिंक मिनी, सॅटेलाइटवरून नेट देणारी. डेकवर रेलिंगला बांधली, बोटीच्या बारा व्होल्टच्या लाइनवर जोडली, पाच मिनिटांत त्याचं ऑफिस चालू. भर समुद्रात व्हिडिओ कॉल रे, वर शर्ट, खाली चड्डी.

म्हातारा वैतागला. त्याचं सगळं जुनं. इरिडियमचा सॅटेलाइट फोन, 2.4 केबीपीएस, म्हणजे हवामानाची साठ केबीची फाइल उतरवायला साडेतीन-चार मिनिटं, तीही लाइन टिकली तर. ऐंशी टक्क्यांवर कटली की पहिल्यापासून. मी बघितलंय त्याला, कानटोपी घालून अँटेनाची वायर हातात धरून देवघरात बसल्यासारखा बसतो, आणि फाइल आली की वाऱ्याचे ते बाण कागदावर उतरवून काढतो. पाटीवर तीच फाइल मी डोळा मिटेपर्यंत यायची. (तुला या गोष्टी आवडतात म्हणून सांगतो, जुने टीव्हीवाले सॅटेलाइट छत्तीस हजार किलोमीटरवर, हे पाचशेच्या आसपास, आणि आपापसात लेझरनं बोलतात, म्हणून खाली जमीन नसली तरी चालतं. फक्त किनाऱ्यावरचा स्वस्त प्लॅन तिथे चालत नाही, समुद्राचा डेटा वेगळा, जीबीवर पैसे. पोराचं बिल बघून माझ्याच पोटात गोळा आला.)

तर नेट आलं. आणि मी, मन्या, तीन आठवडे गायब होणारा मी, दुसऱ्याच दिवशी फॅमिली ग्रुपवर सूर्योदय टाकत होतो. हस. मला माहितीय तू हसतोयस.

चूक त्यापुढची. त्या पोराने बोटीची जागा नकाशावर दिसेल अशी लिंक करून दिली, मी ती पिंट्याला पाठवली, पिंट्याने आईच्या फोनवर लावून दिली. आईला काय, कामच मिळालं. सकाळी चहा, देवपूजा, मग ठिपका. दुपारी झोपून उठली की ठिपका. वहिनी सांगत होती की भाजीवालीलासुद्धा दाखवायची, हा बघ माझा विजू, काल इथे होता आज इथे आला. पण तो ठिपका पाटीतून वर जायचा हे मी तिला सांगितलंच नाही. म्हणजे पाटी बंद तर ठिपका जागच्या जागी. बोट चालूच असते, फक्त वर कळत नाही. एवढं एक वाक्य होतं. डोक्यातच आलं नाही.

अकराव्या दिवशी अल्टरनेटरचा पट्टा तुटला. स्पेअर होता, पण अर्धा इंच मोठा, लटकत राहिला. (डिसेंबर 89, जयगड. आठवलं का? मशीनचा पट्टा. माझ्या नशिबात पट्टेच आहेत.) त्यात दोन दिवस ढग, सोलर पॅनेल नुसतं शोभेला. बॅटरी 11.8 व्होल्टवर आली तेव्हा म्हाताऱ्याने फतवा काढला, फ्रीज बंद, पाटी बंद, फक्त मास्टवरचा, म्हणजे डोलकाठीवरचा दिवा, जवळच्या जहाजांशी बोलायचा व्हीएचएफ रेडिओ आणि त्यांना आपली जागा कळवणारं एआयएस. ती पाटी पंचवीस-तीस वॅट खाते, दिवसरात्र चालू ठेवली तर पन्नास-साठ अँपिअर-अवर गेले, आमच्या बॅटऱ्यांच्या मानाने डाकूच. सुकाणू वाऱ्यावर चालणाऱ्या व्हेनवर होतं म्हणून वाचलो, नाहीतर हातानं धरून बसावं लागलं असतं.

पोरगा रुसून झोपला. म्हातारा मला म्हणाला, घरी कळवायचं असेल तर इरिडियमवरून एक एसएमएस टाक, 160 अक्षरं, मिनिटभराचं काम. मी म्हटलं टाकतो.

नाही टाकला.

विसरलो असं म्हणणार होतो. नीताला तेच सांगितलंय. तुला नाही सांगत. माझी रात्रीची बारा ते तीन पाळी होती, मध्येच ढग फाटले, आणि इतके तारे की मला मृग शोधायला वेळ लागला, गर्दीत माणूस हरवतो तसा. बोटीमागे पाणी हिरवट पेटत होतं. एक उडता मासा फाडकन येऊन माझ्या पायाशी पडला, थोडा वेळ तडफडला, मी उचलून परत टाकला, हाताला खवले चिकटले. आणि कोणाला दाखवावंसं वाटलं नाही रे. खिशात फोन होता, बंद. अकरा दिवसांत पहिल्यांदा मी जिथे होतो तिथेच होतो. तो सॅटफोन समोर हुकला लटकत होता, हात केला की मिळाला असता, आणि मला वाटलं की आत्ता एक ओळ पाठवली की उत्तर येणार, मग उत्तराला उत्तर. उद्या बघू म्हटलं. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हटलं.

एकतीस तास ठिपका एकाच जागी. 17 उत्तर, 38 पश्चिम. तो आकडा आता आईलाही पाठ आहे.

आणि तिच्या डोक्यात काय आलं असेल ते तुला सांगायला नको. 2018 साली जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत आपल्या नौदलाच्या अभिलाष टॉमीचा मास्ट मोडला, पाठ मोडली, दक्षिण हिंदी महासागरात एकटाच पडून होता, तेव्हा पेपरातली सगळी कात्रणं तिने काढलेली, बोट गोव्यात बांधलेली म्हणून आपलाच पोरगा. उलटलो, डोलकाठी गेली, पाठीला जबर इजा, उठता येत नाही, एवढेच चार शब्द त्याने कसेबसे पाठवलेले, आणि तेवढ्यावर तिसऱ्या दिवशी फ्रेंच जहाजाने त्याला उचललं. तो पाठीचा मणका मोडून टाइप करतो. मी पोटभर जेवून ताऱ्यांकडे बघत बसलो.

नीताने फोनवर किती समजावलं, बॅटरीचं असेल, आई काळजी करू नका. आई म्हणाली ठिपका हलत नाही. भैरीला नारळ बोलून झाला. मग तुला फोन. आणि तू रात्री साडेदहाला चिपळूणहून निघालास, त्या हायवेवरून, जिथे दिवसासुद्धा कोणी खुशीने जात नाही. पिंट्या सांगत होता तू आईसमोर बसून नकाशा मोठा करून, वाऱ्याचे बाण दाखवून, शिक्षकाच्या आवाजात समजावत होतास की आजी, म्हणजे काकू, वादळ नाहीच तिथे, मग बुडेल कसा. आणि पहाटे दोघांनी मऊभात खाल्ला. मला हे सहन होत नाही मन्या. मऊभाताचं जास्त.

ऊन पडलं, बॅटरी चढली, पाटी लागली. 214 मेसेज. खरं सांगू मी पहिल्यांदा काय उघडलं? स्कोअर. सवयीने. मग आईला फोन, दोन मिनिटं, ती रडली नाही, जेवलास का विचारलं. मग तुझा मेसेज बघितला. "विज्या, आईकडे आहे. जिवंत असशील तर एक टिंब टाक."

तोवर तू मला ऑनलाइन बघितलेलंस. टिंब टाकायला पाव सेकंद लागतो. आणि मला वाटलं टिंबावर नाही भागणार, नीट लिहू, आणि नीट लिहायचं म्हणजे ताऱ्यांचं लिहावं लागणार. तिथे अडलो तो आज.

आता माझा खरा घोळ. मे महिन्यात म्हातारा बोट परत नेतोय, अझोर्सला, होर्ताला, दोन हजारांच्या वर मैल, आणि मला चल म्हणतोय. पुतण्या येत नाही, म्हणजे पाटी नाही. म्हातारा खूश. नीता म्हणते पाटी आपण घेऊ, नाहीतर जायचं नाही. वेगळा ट्रॅकरही मिळतो, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा, फक्त जागा पाठवतो, बाकी गप्प. अक्कल सांगते तो घ्यावा. पण मग आई परत ठिपक्याला बांधली जाणार. ठिपका नको म्हटलं तर वयाच्या 82व्या वर्षी तिला महिनाभर काहीच नाही. आणि माझं काय विचारशील तर मला ती रात्र परत पाहिजे. तीच, तशीच. ती रात्र आईच्या पैशाने आली हे माहीत असूनही पाहिजे. हे नीताला बोललो तर घराबाहेर काढेल आणि बरोबरच करेल. तू सांग. आणि चिडून सांगू नकोस, म्हणजे चिड, पण सांग.

मी येताना तुझ्या होडीसाठी सॅटफोन आणावा असं तू म्हणालेलास, ते विसर. आपल्याकडे इरिडियम परवानगीशिवाय आणला तर मला विमानतळावरूनच घेऊन जातील, मग तूच येशील जामिनाला, परत रात्रीचा.

कलमांना मोहोर कसा आहे यंदा? पोरीचं पुण्यात ठरलं का? वहिनींचा बीपी? शाळेतली ती चौकशी मिटली का, तू लिहिलेलंस आणि मी विचारलंच नाही. सगळं लिही, एकेक.

आणि जयगडचं. आपण दोन दिवस अडकलो तेव्हा मी एसटीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी दिली आणि त्याने ती पोचवली नाही, असं मी पस्तीस वर्षं सांगतोय. तुझ्या बाबांनी तुला पट्ट्याने मारलं, तू म्हणायचास विज्याने चिठ्ठी दिलीच नाही, आणि मी शपथा घ्यायचो. लिहिली होती रे. स्टँडवर गेलोही होतो. गाडी उभी होती, कंडक्टर पान खात होता. खिशातच राहिली.

आईकडे जाशील तेव्हा तिच्या फोनमधली ती लिंक जुनी झालीय, काढून टाक. मी तिला सांगितलं तर म्हणते राहू दे.

तुझा,
विज्या