कळसूबाई चढाई : रविवारच्या गटासाठी सूचना

पहाटे 5 ला बारी गावातून चालायला सुरुवात. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबणार नाही. सुट्टीच्या दिवशी 8 नंतर लोखंडी शिड्यांवर चढणारे-उतरणारे समोरासमोर अडकतात आणि तासभर तिथेच जातो.

शिखर 1646 मीटर, बारीतून चढ 800 मीटरांहून जास्त. रमतगमत साडेतीन तास धरा. प्रत्येकी 3 लिटर पाणी घरूनच आणा, वाटेतल्या टपऱ्यांच्या भरवशावर राहू नका.

शिडीवर दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून मोबाइलचा टॉर्च नको, डोक्याला लावायची बॅटरी आणा. काठी सॅकला बांधा. छत्री वाऱ्यात उलटते. पोंचो (डोक्यातून घालायचा सैल रेनकोट) पायरीत अडकतो, तेव्हा अंगाबरोबर बसणारं जाकीटच बरं. ओल्या पायरीवर टाच टेकवू नका, पाऊल मधोमध ठेवा. पुढचा माणूस शिडीवरून बाजूला झाल्याशिवाय मागच्याने चढू नये.

नवे कोरे बूट नकोत. उतरताना अंगठे सोलतात. गुडघे दुखणाऱ्यांनी निघण्याआधीच सांगावं, अर्ध्यावर नव्हे.

माथ्यावर देवीचं मंदिर आहे, चपला बाहेर. धुकं असेल तर कड्यावर फोटो नाहीत. 10 ला उतरायला लागायचं.