खोक्यावर भोकाचं माप छापा

महोदय,

चतुर्थी तोंडावर आली की आमच्या देवगड तालुक्यात इलेक्ट्रिकच्या दुकानांत उभं राहायला जागा नसते. मृगाच्या विजांनी आणि पावसाळाभर खालीवर होणाऱ्या व्होल्टेजने घरोघरचे दिवे गेलेले असतात, आणि गणपती बसतो त्या खोलीत अंधार कोणाला चालणार? आमच्याकडेही त्या खोलीतला पीओपीच्या छतातला गोल एलईडी पॅनल गेला. दुकानात जाऊन सांगितलं, 'जुना काढून त्याच भोकात बसवायचाय, सहा इंची.' दुकानदाराने काढून दिला तो घेऊन आलो.

वायरमन शिडीवर चढला, दिवा वर लावला, तर तो भोकातून सरळ त्याच्या हातात परत. 'काका, ह्यो थंय ऱ्हवाचो नाय,' म्हणाला आणि खिशातला टेप काढला. छताचं भोक 155 मिलिमीटर, नव्या दिव्याची बाहेरची कडा 150. स्प्रिंगच्या क्लिपांना धरायला काठच नाही. दिवे मात्र दोन्ही सहा इंची! जुना भोकाच्या मापाने, नवा कडेच्या मापाने. हे कटआउटचं, म्हणजे छतात कापायच्या भोकाचं माप दिलेलं होतं, नाही असं नाही. खोक्याच्या आत, घडी घातलेल्या पातळ कागदावर, मुंगीएवढ्या आकड्यांत. खोक्यावर बाहेरून वॅट, व्होल्टेज, एमआरपी, दोन वर्षांची वॉरंटी, सगळं ठळक. नेमकं तेवढंच नाही.

परत न्यायला गेलो तर दुकानदाराने बिलावरच्या शिक्क्यावर बोट ठेवलं: 'एकदा विकलेला माल परत घेतला किंवा बदलून दिला जाणार नाही.' वर, 'काका, खोका फोडलात ना तुम्ही.' माप कळायला खोका फोडायचा आणि फोडला की परत नाही, असा हा व्यवहार.

या शिक्क्याला कायद्याचा आधार आहे का, ते पाहिलं. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत नसेल तर 30 दिवस धरतात. पण आमचा दिवा सदोष कुठे आहे? लावून बघितला, लख्ख पेटतो. ऑनलाइन घेतला असता आणि वर्णनाप्रमाणे नसता, तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याला परत घ्यावा लागला असता. 1930 च्या मालविक्री कायद्यात असंही आहे की वस्तू कशासाठी हवी ते सांगून, विक्रेत्याच्या माहितीवर भिस्त ठेवून घेतली, तर ती त्या कामाला योग्य असली पाहिजे. मी सांगितलं होतं, पण तोंडी. बिलावर फक्त 'पॅनल, 1 नग'.

आता यासाठी ग्राहक आयोगात जायचं? पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, ऑनलाइनही दाखल करता येते, 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. सगळं खरं. पण साडेचारशेच्या दिव्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला तारखा घालायच्या म्हणजे एसटीचं भाडंच दिव्यावर जाणार. वायरमनने प्लायवूडची रिंग कापून, पांढरी रंगवून दिवा बसवून दिला. रिंगेची मजुरी वेगळी.

दुकानदाराला खलनायक करायचं नाही मला. चतुर्थीपुरत्या माळा लावून विसर्जनानंतर 'चालत नाही' म्हणून परत आणणारी माणसं आपल्यातच आहेत, आणि वायर कापलेला दिवा पुढच्या गिऱ्हाइकाला नवा म्हणून विकायचा कसा, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. मुंबईहून लोहार चाळीतून दिवे घेऊन येणाऱ्या चाकरमान्यांची तर आणखी पंचाईत. घर इथे, दुकान तिथे. एका दिव्यासाठी परत कोण जातो? असे कोरे करकरीत दिवे कितीतरी पोटमाळ्यांवर पडून असतील.

म्हणून मागणी दुकानापेक्षा कंपन्यांकडे आणि वजनमापं तपासणाऱ्या वैधमापन खात्याकडे आहे. आवेष्टित, म्हणजे पॅकबंद वस्तूंच्या 2011 च्या नियमांत, जिथे वस्तूचा आकार महत्त्वाचा असतो तिथे मापं वेष्टनावर द्यावीत असं आहे. छतात बसवायच्या दिव्याला भोकाच्या मापाहून महत्त्वाचं काय असतं? निरीक्षक दुकानात एमआरपी तपासायला येतात तेव्हा खोक्यावर कटआउटचा आकडाही बघावा. तोवर दुकानदारांनी प्रत्येक मापाचा एकेक दिवा काउंटरवर उघडा ठेवावा, आणि गिऱ्हाइकाने सांगितलेलं भोकाचं माप मिलिमीटरमध्ये बिलावर लिहून द्यावं. चतुर्थीच्या गर्दीतही एवढं लिहायला वेळ लागत नाही.

- एक वाचक, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग