रविवारची वनस्पती-फेरी : सुपे, मयूरेश्वर अभयारण्य

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी ठीक साडेसहाला अभयारण्याच्या फाटकाशी जमायचं. फेरी दोन तासांची. उन्हं चढली की माळावर थांबवत नाही.

हिवर, खैर, पिवळाधमक तरवड दिसेलच. खरं बघायचंय ते माकडशिंग : बिनपानांची, बोटभर जाडीची हिरवी कांडी, गवतात बेमालूम लपलेली. तिच्या फुलांवर माश्या येतात, तेव्हा वाकून बघा.

- माकडशिंगाची भाजी चविष्ट असते, मान्य. पण इथलं काहीही तोडायचं नाही.
- कुसळी गवत मोज्यांत घुसतं. जाड पँट, बंद बूट.
- पाणी दोन लिटर.
- चिंकारा दिसला तर जागीच थांबा, ओरडू नका.

नावं शुक्रवारपर्यंत गटावर कळवा.