सायटोपॅथॉलॉजी (पेशी तपासून रोगनिदान) प्रशिक्षणार्थी आणि मार्गदर्शकांसाठी सूचना

सर्व सदस्यांना नमस्कार. लॉगबुक मार्गदर्शकांची सही घेऊन महिनाअखेरपर्यंत जमा करावे. मात्र एफएनएसीचा (बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणे) आकडा भरला म्हणजे प्रशिक्षण झाले, असे कृपया समजू नये.

पहिले उद्दिष्ट हाताचे. गाठ तपासणे, सुई घालणे, स्मीअर ओढणे (नमुना काचेवर पातळ पसरवणे) हे स्वतः करा, तंत्रज्ञांवर सोडू नका. पॅप स्टेन या पद्धतीने रंगवायची स्लाइड ओली असतानाच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये गेली पाहिजे. जरा रेंगाळलात की पेशी फुगतात, केंद्रकातले बारकावे पुसट होतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली कितीही डोळे ताणले तरी उपयोग नसतो. गिम्सा या दुसऱ्या रंगासाठी मात्र स्लाइड हवेतच वाळवायची. मानेच्या गाठीतून पुवासारखा द्रव आला, तर सगळा स्लाइडवर संपवू नका. क्षयाचे जंतू शोधणाऱ्या सीबीनॅट या जनुकीय तपासणीसाठी थोडा राखून ठेवा.

थायरॉइडचे रिपोर्ट बेथेस्डा या रिपोर्ट लिहिण्याच्या पद्धतीच्या २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीप्रमाणेच लिहावेत. सहा वर्ग, प्रत्येकाला एकच नाव. नमुना पुरेसा ठरायला फॉलिक्युलर (थायरॉइडच्या मुख्य) पेशींचे किमान ६ गट, प्रत्येकात किमान १० पेशी लागतात. भरपूर कोलॉइड (थायरॉइडमधला घट्टसर द्रव), अटिपिया (पेशींचे असामान्य रूप) किंवा दाह असेल तेव्हा ही अट शिथिल होते. अपुऱ्या नमुन्याला ‘बिनाइन’ (कर्करोग नसलेला) म्हणणे रुग्णाच्या जिवाशी खेळणे आहे. यावर आमचे एकमत आहे.

शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक केसचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट (काढलेल्या ऊतीच्या तपासणीचा) स्वतः मिळवा, जुन्या स्लाइड पुन्हा पाहा. निदान जुळले नाही अशी एक तरी केस, रुग्णाची ओळख झाकून, पुढच्या बैठकीला घेऊन यावी.

– समन्वयक