आई, बाबा, आधी पूर्ण वाचा मग रागवा
आई, बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती अन् मी लगेच बरं राहू दे म्हटलं असतं, म्हणून लिहून राहिलो. पॅराग्लायडिंगचा पुढचा कोर्स करतोय. पैसे भरून झाले. हो, तेच, ज्याचा व्हिडिओ पाहून आईने दोन दिवस अबोला धरला होता.

शनिवारी पुण्याहून लोकलने कामशेत, राहायला चांगली खोली, गरम पाणी, पिठलं-भाकरी (आपल्यासारखं झणझणीत नाही). हार्नेसमधे (बसायची पट्ट्यांची खुर्ची) जास्तीचं पॅराशूट असते, आधी तर जमिनीवरच कॅनोपी (वरचं कापडी पंख) उभी करायला शिकवतात, अन् पावसाळ्यात उडणं बंदच.

भीती वाटते, खोटं कशाला बोलू. टेकडीवर पाय लटपटले की मी मोठ्याने बोलतो, 'छोटू, हेल्मेटचा बेल्ट. पायाचे दोन्ही पट्टे. छातीचा पट्टा. वारा समोरून. पळ आता, थांबू नको.' पायाचे पट्टे राहिले तर माणूस घसरू शकतो, आई घाबरू नको, म्हणूनच ते दोनदा बोलतो. उतरताना 'झाडावर जाऊ नको' म्हणायचं नाही, नजर झाडाकडेच जाते अन् जिकडे नजर तिकडे आपण. 'मोकळं वावर बघ' म्हणायचं. पोरं हसतात, हसू दे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस यांनी २०१४ मध्ये दाखवलं की 'मी मी' करण्यापेक्षा स्वतःला नावाने बोललं तर दडपण कमी होते.

पण बाबा, मला हे तिथून नाही आलं. मोटरच्या पाइपाचा फुटवॉल (खालची झडप) काढायला विहिरीत उतरताना तुम्ही बडबडत जायचे ना, 'हं, डावा पाय. धर. आता उजवा.' मी काठावर आईचा पदर धरून, अन् खालून आवाज येत राहिला की बरं वाटायचं. जरा गप्प झाले की आई ओरडायची, 'अहो, बोला ना!'

आई, बीपीची गोळी उपासाच्या दिवशी पण घ्यायची, चालढकल नको. बाबा, रात्रीची लाईन असली तर ओलिताला एकटे जाऊ नका, बूट घाला, बॅटरी न्या. अन् विहिरीत आता उतरायचं नाही म्हणजे नाहीच. मोटर बिघडली तर मेकॅनिकला बोलवा, पैसे मी टाकतो.

रविवारी खाली आलो की पहिला फोन तुम्हालाच. सातपर्यंत नाही आला तर रेंज नाही समजा, मोठ्या काकाला लगेच पुण्याच्या गाडीत बसवू नका.

तुमचाच,
छोटू