दगड फोडला आम्ही, पुरावा कुठला आणू?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

परवा ३१ ऑगस्टला व्हॉट्सॲपवर विमुक्त दिनाच्या (आमच्यासारख्या जमातींवरचा गुन्हेगारीचा शिक्का उठला तो दिवस) शुभेच्छा धडाधड येत होत्या, तेव्हाच नेमकं आमच्या पुतणीच्या जातीच्या दाखल्याचा अर्ज परत आला, पाचव्यांदा. आम्ही वडार, दगड फोडणारी, माती खणणारी जमात. घरातल्या म्हाताऱ्यांचं बोलणं अजून तेलुगूच्या वळणाचं, बाहेर पडलं की कोल्हापुरी. भटक्या-विमुक्तांना दाखला पाहिजे तर २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा रहिवासाचा पुरावा द्यावा लागतो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, आजोबा १९६१ ला कुठं राहत होते? आता काय सांगू, कोयनेच्या धरणावर! धरण तेव्हा पुरं व्हायचं होतं, आज्जा सुतकी (दगड फोडायचा मोठा हातोडा) घेऊन खाणीत, आज्जी डोक्यावर पाटी घेऊन, राहायला पाल, आणि पालाला घरनंबर कुठला असणार. ठेकेदाराच्या मस्टरवर आज्ज्याचा अंगठा असंल, पण ते मस्टर कुठल्या उंदरानं खाल्लं देव जाणे.

गाडी वडारांनी दगड वाहिला, माती वडारांनी ताली, तलाव, कालवे खणले, पाथरवटांनी जाती-पाटे घडवले. तांबड्या रश्श्याचं वाटण मिक्सरला नको, पाट्यावरचंच पाहिजे म्हणतात ना आपल्यात, त्या पाट्याला टाकी लावायला दारात येणारी बाई पण आमचीच, तिला पाणी मात्र वरनं ओतायचे (सगळेच नाही, पण लय घरं). न्यू पॅलेसच्या काळ्या दगडापुढं सेल्फी काढणाऱ्यांना त्याचा नकाशा काढणाऱ्या मेजर मँटचं नाव गाईड सांगतो, दगड फोडणाऱ्याचं कोण सांगणार.

इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढं एकेक करत कितीतरी जमातींवर तो शिक्का बसला, जन्मालाच गुन्हेगार, वर पोलिसात हजेरी. आपल्या शाहू महाराजांनी १९१८ ला संस्थानात हजेरी बंद केली, पारध्यांना पहाऱ्याची कामं दिली. देश १९४७ ला सुटला आणि हा कायदा उठायला १९५२ चा ३१ ऑगस्ट उजाडला, म्हणजे मधली पाच वर्षं आमची कुठं गेली? आणि कायदा गेला तरी गावात चोरी झाली की पहिली जीप वस्तीवरच येते, हे मी लहानपणी डोळ्यानं बघितलंय, वडिलांना रात्रभर बसवून सकाळी चहा पाजून सोडलं होतं.

माझं म्हणणं एवढंच, जी माणसं कामामागं फिरली त्यांच्याकडं एका जागेचा कागद मागून काय उपयोग? गृहचौकशी करून दाखला देता येतो म्हणतात, मग ती करायला वस्तीवर कुणीतरी या की. पंचांना विचारा, म्हाताऱ्यांची भाषा ऐका, आज्ज्याची सुतकी अजून माळ्यावर हाय, ती पण दाखवतो. ॲडमिशनची लास्ट डेट जवळ आलीय, म्हणून हे पत्र जरा लवकर छापलं तर बरं होईल.

आपला एक वाचक, कोल्हापूर