मागची बाजू दाखव

संपादक साहेब, नमस्कार,

बेरूतच्या 'इनाश' संस्थेवर तुमच्या पेपरात काही येऊ द्या ना, १९६९ पासून लेबनॉनच्या निर्वासित छावण्यांतल्या पॅलेस्टिनी बायकांना भरतकामाचं काम अन् मजुरी देतात, पोरांसाठी बालवाड्याही काढल्या, कारण तिथे या लोकांना डॉक्टरकी, वकिली असली कितीतरी कामं करायलाच बंदी. तातरीझ म्हणतात त्या भरतकामाला, २०२१ मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं, पण टाका म्हणाल तर आपली आई अभ्र्यावर घालायची तोच फुलीचा. आमच्या बचत गटात मोबाइलवर फोटो दाखवला तर एक काकू चष्मा सरकवून म्हणतात, "मागची बाजू दाखव, गाठी दिसतात का?" आता फोटोची मागची बाजू कुठून आणू! मग विचारलं, मजुरी वेळेवर देतात का. आमचं गणवेश शिवल्याचं बिल मार्चपासून अडकलंय, म्हणून असेल.

– एक वाचक, महाल, नागपूर